झेंडावंदन साडेआठच्या आत

रेवदंड्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत सायकलने जायचं आणि वाटेत २६ जानेवारी साजरी करायची, असा तुमचा बेत कानावर आला. बेत चांगला आहे. पहाटे गारवा असतो, रस्ते कोरडे असतात, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि समुद्र जवळजवळ सगळी वाट उजव्या हाताला राहतो. मी याच किनाऱ्यावर जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर याच रस्त्यांवर सायकल दामटली. झेंडावंदनाला येणारे सायकलवाले मी बाई म्हणूनही पाहिलेत आणि त्यांच्यातलीच एक होऊन परक्या गावच्या पटांगणात उभीही राहिले आहे. म्हणून चार गोष्टी सांगते. पटल्या तर घ्या.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. आपला वेगळा सोहळा मांडू नका. एखाद्या कड्यावर पोचायचं, पिशवीतून तिरंगा काढायचा, राष्ट्रगीत म्हणायचं, फोटो काढायचा आणि पुढे सुटायचं, यात गैर काही नाही. पण त्या कड्यापासून दोन-तीन किलोमीटरवर एका शाळेत पंधरा-वीस पोरं आठवडाभर कवायत बसवत असतात. किनाऱ्यावरच्या कितीतरी शाळांचा पट आता वीसच्या आत आला आहे. बघायला आईबाप आणि शेजारच्या दोन आज्या. तुम्ही आठ जण तिथे जाऊन उभे राहिलात की त्यांच्या कार्यक्रमाला गर्दी झाली! कड्यावरच्या फोटोत तुम्ही नुसते आठच दिसाल.

आता वेळेचं गणित नीट समजून घ्या, कारण निम्मे सायकलवाले इथेच चुकतात. महाराष्ट्रात २६ जानेवारीचा मुख्य शासकीय सोहळा सव्वानऊला असतो, पालकमंत्री किंवा जिल्हाधिकारी यांच्या हस्ते. त्या सोहळ्याला सगळ्यांना हजर राहता यावं म्हणून साडेआठ ते दहा या वेळात दुसरीकडे कुठे ध्वजारोहणाचा कार्यक्रम ठेवू नये, असा सरकारी शिरस्ता आहे. म्हणून गावातली झेंडावंदनं साडेआठच्या आत उरकतात किंवा दहानंतर होतात. शाळा, ग्रामपंचायत, सोसायटी, अंगणवाडी अशी एकामागून एक रांग लागते आणि तीच माणसं, तीच मुलं एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे चालत जातात. तुम्ही ‘नऊ-साडेनऊला वाटेत कुठेतरी सापडेलच’ म्हणून निघालात तर सापडतील ती रिकामी पटांगणं आणि विस्कटलेली रांगोळी. १५ ऑगस्टलाही असंच असतं. तेव्हा मुख्य सोहळा नऊ वाजून पाच मिनिटांनी आणि मोकळी ठेवायची वेळ ८.३५ ते ९.३५.

दुसरं, त्या दिवसांत कोकणात सूर्य उगवतो सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे सकाळी उठून वीस किलोमीटर मारून एखाद्या गावी झेंड्याला पोचू, हा हिशेब अंधारात सायकल चालवायला लावणारा आहे. घाटाच्या वळणांवर जांभ्या दगडाची बारीक खडी पसरलेली असते, ती दिव्याच्या उजेडात दिसत नाही. त्यापेक्षा ज्या गावी झेंडावंदन करायचं त्याच गावी २५ ची रात्र काढा. मुक्काम ते शाळा हे अंतर चालत जाण्याएवढं हवं.

मुक्कामाची सोय मात्र डिसेंबरातच करून ठेवा. २६ ला जोडून शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईच्या गाड्या दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे या गावांत मावत नाहीत. या तिन्ही गावांचा नाद त्या रात्रीपुरता सोडा. एखादं आडबाजूचं गाव निवडा, तिथे घरगुती सोय मिळते, आणि घरमालकालाच सांगून ठेवा की सकाळी आम्हाला शाळेत यायचंय. पुढचं निम्मं काम तोच करतो. त्याची नातवंडं बहुधा त्याच शाळेत असतात.

निम्मं म्हटलं, कारण उरलेलं निम्मं तुमचं तुम्हीच करायचं. २५ ला दुपारी शाळा सुटायच्या आत पोचा आणि मुख्याध्यापकांना भेटा. सगळे मिळून जाऊ नका, दोघांनी जा. २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिवस असतो, प्रतिज्ञा असते, वर उद्याची तयारी, म्हणजे गुरुजी आणि बाई कामात बुडालेले असतात. ‘उद्या झेंड्याला आम्ही आलो तर चालेल का, आणि आज काही मदत करू का?’ एवढंच विचारा. पहिल्या प्रश्नाला कोणी नाही म्हणत नाही. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण ‘छे छे, काही नको’ म्हणतील. तेव्हा खांबाकडे बोट दाखवून विचारा, कप्पी नीट फिरते ना?

ही कप्पी म्हणजे आम्हा शिक्षकांच्या जिवाला घोर. खांबाच्या टोकाला बसवलेलं लोखंडी चाक, त्यावरून दोरी. आमच्याकडे ते वर्षातून तीनदा फिरतं, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. मधल्या महिन्यांत खारा वारा त्याला खातो. १५ ऑगस्टला पावसात कसंबसं फिरलेलं चाक जानेवारीत जाम झालेलं असतं, आणि दोरी खोबणीतून उतरून चाक आणि पट्टी यांच्यामध्ये अडकते. झेंडा अर्ध्यावर थांबला की सगळं गाव वर बघत राहतं आणि गुरुजी खाली घामाघूम. तुमच्या पिशवीत चेनला घालायचं तेल असतं, पाने असतात. खांब बुडाशी दोन बोल्टांवर उभा असेल तर वरचा बोल्ट काढून चौघांनी तो अलगद आडवा घ्यायचा, चाकाच्या आसाला गंज सुटेपर्यंत तेल द्यायचं, हाताने फिरवून बघायचं, तेल पुसून मग दोरी ओवायची. तेल दोरीला लागता कामा नये, कारण दोरीचं तेल झेंड्याला लागतं. खांब आडवा होत नसेल तर वर चढायला जाऊ नका, गावात त्यासाठी एखादा माडावर चढणारा असतो, त्याच्या हातात तेलाची बाटली द्या. या अर्ध्या तासाच्या कामानंतर दुसऱ्या दिवशी तुम्ही परके राहत नाही.

झेंडा बांधायचं काम मात्र शाळेचंच. घडी घालायची, आत झेंडूच्या नाहीतर शेवंतीच्या पाकळ्या भरायच्या आणि वरून अशी सरकगाठ मारायची की ती वाटेत सुटू नये आणि हिसका बसला की एका दमात सुटावी. घडी घातल्यावर वरचं टोक कुठलं ते कळत नाही, म्हणून केशरी वर आहे ना, हे दोघांनी दोनदा बघायचं असतं. एवढं करूनही कधी गाठ रुसते. अशा वेळी हसू नका आणि मोबाइल तर खिशातच ठेवा.

कपड्यांचं सांगते, रागावू नका. अंगाला चिकटलेल्या सायकलच्या चड्डीवर प्रार्थनेच्या रांगेत उभं राहू नये. शहरात कोणी बघत नाही, इथे आज्या बघतात आणि पोरं फिदीफिदी हसतात. एक पांढरा शर्ट किंवा कुडता आणि एक साधी पँट, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सामानाच्या तळाशी ठेवा. वजन अर्धा किलोही नाही. पायात चप्पल घाला. सायकलचे पट्टीवाले बूट शेणाने सारवलेल्या अंगणावर आणि गुळगुळीत लादीवर घसरतात, टकटक वाजतात ते वेगळंच. कितीतरी गावांत झेंड्याच्या कट्ट्याजवळ जाताना चपलाही काढतात. पुढचा माणूस काय करतो ते बघा आणि तसं करा.

सायकलला झेंडा लावायचा मोह तुम्हाला होणार. लावू नका. भारतीय ध्वज संहिता २००२ सालची आहे आणि तिच्यात वाहनावर राष्ट्रध्वज लावण्याचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान अशा ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच दिलेला आहे. गाडीच्या टपावर, पाठीवर, बाजूंवर ध्वज पांघरता येत नाही. कमरेखालच्या कपड्यावर, रुमालावर, उशीवर तो छापता येत नाही. म्हणजे हँडलला बांधलेला, धुळीने माखलेला आणि चाळीस किलोमीटरवर अर्धा फाटलेला तिरंगा कायद्यालाही धरून नाही आणि डोळ्यांनाही बरा दिसत नाही. हौस असेल तर केशरी, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांचे मोजे-हातमोजे मिळतात म्हणाल, तर तेही नको. हँडलला झेंडूचं एक फूल बांधा, पुष्कळ झालं. खरा झेंडा हवा असेल तर तो घरी लावा. जुलै २०२२ पासून घरावर रात्रीही ठेवता येतो, आणि डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचा आणि यंत्रावर शिवलेलाही चालतो. मला स्वतःला खादीचाच बरा वाटतो, त्याची सळसळ वेगळी असते.

कार्यक्रमात काय काय असतं ते माहीत असू द्या, म्हणजे मध्येच हलणार नाही. प्रभातफेरी निघते, पोरं घोषणा देत गावातून फिरून येतात. या फेरीत सामील व्हा, पण मागे चाला, पुढे नको. मग झेंडा, त्याला सलामी आणि राष्ट्रगीत, ५२ सेकंदांचं. नंतर राज्यगीत. २०२३ पासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे आपलं अधिकृत राज्यगीत आहे आणि ते पावणेदोन मिनिटांच्या आसपास चालतं. शहरातले पाहुणे राष्ट्रगीत संपलं की ‘झालं’ म्हणून सैल पडतात, पाण्याच्या बाटल्या उघडतात आणि मग पोरांनी पुढचं गाणं सुरू केलं की गडबडून पुन्हा ताठ होतात. दोन्ही होईपर्यंत सावधान उभे राहा. हेल्मेट काढलेलं असू द्या. त्यानंतर संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन, मग कवायत, लेझीम, भाषणं, बक्षिसं आणि खाऊ. एखादा मुलगा भाषण मध्येच विसरतो, आभाळाकडे बघतो आणि सगळं पटांगण त्याच्यासाठी श्वास रोखून धरतं. लगेच टाळ्या वाजवून त्याला बसवू नका. त्याला आठवतं.

पाहुणे म्हणून झेंड्याची दोरी तुमच्या हातात द्यायचा आग्रह होईल. कोकणी माणूस आदरातिथ्याला चुकत नाही. नम्रपणे नाही म्हणा. तो मान सरपंचांचा, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा किंवा गावातल्या निवृत्त सैनिकाचा. त्यांनी त्यासाठी सकाळीच कडक इस्त्रीचे कपडे घातलेले असतात. तुम्ही दोरी घेतलीत तर कोणी काही बोलणार नाही, पण वर्षभर लक्षात राहील.

बोलायला उभं केलं तर एकानेच बोला, दोन मिनिटं. देशभक्तीवर व्याख्यान देऊ नका, ते मुलांनी पाठ केलेलं असतं आणि तुमच्यापेक्षा चांगलं म्हणतात. कुठून निघालो, कोणत्या खाड्या ओलांडल्या, कुठे पंक्चर झालं, कोणत्या चढावर उतरून सायकल ढकलली, हे सांगा. ढकलली हे जरूर सांगा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, २६ जानेवारी ही तारीख का निवडली हे कोणी विचारलं तर उत्तर यायला हवं. संविधान स्वीकारलं गेलं २६ नोव्हेंबर १९४९ ला, अमलात आलं २६ जानेवारी १९५० ला. मधले दोन महिने थांबले, कारण लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनातल्या पूर्ण स्वराज्याच्या ठरावानंतर २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला गेला होता. हे चौथीच्या मुलाला सांगता येतं. सायकलवाल्यांची मात्र भंबेरी उडालेली मी पाहिली आहे.

कार्यक्रम संपला की पोरं सायकलींभोवती जमतात आणि पहिला प्रश्न येतो, ‘केवढ्याची?’ खरी किंमत सांगू नका. खोटंही बोलू नका. ‘तू सांग केवढ्याची असेल?’ म्हणून विषय गिअरकडे वळवा. एक चाक उचलून धरा, त्यांना पायडल फिरवू द्या, साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर कशी उडी मारते ते दाखवा. लहान चाकाला मोठं चाक जोडलं की पायाला का हलकं लागतं, हा विज्ञानाचा तास इतका चांगला मला वर्गात कधी घेता आला नाही. चालवायला मात्र उतारावर देऊ नका. पटांगणात, बाजूने कोणीतरी पळत. गाव किनाऱ्यावरचं सपाट असेल तर हायस्कूलची मुलं-मुली सायकलने येतात. त्यांच्या सायकलींना हवा, ब्रेकचे रबर, ढिला नट एवढं बघून दिलंत तर त्याला कुठल्याही चॉकलेटच्या पुड्याची सर येणार नाही. पेनं, गोळ्या मुलांना हातात वाटू नका. लोक रांगा लावायला शिकवतात आणि मग दर गाडीमागे पोरं धावतात. काही द्यायचंच तर वाचनालयाला पुस्तकं, मुख्याध्यापकांच्या हातात.

गाव सोडायची घाई करू नका, कारण २६ जानेवारीला ग्रामसभाही असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या ठरलेल्या तारखा. मागच्या बाजूला सतरंजीवर दहा मिनिटं बसा. नळपाणी योजनेवर भांडण चाललेलं असेल, कोणाच्या तरी गडग्यावरून वाद असेल. प्रजासत्ताक म्हणजे काय ते भाषणापेक्षा इथे जास्त कळतं. तुम्ही बोलायचं नाही.

जागा कोणती निवडावी, यावर माझं मत ठाम आहे. २३ ला रेवदंड्याहून निघालात, साळावचा पूल ओलांडून मुरूडवरून आगरदांड्याला आलात, तिथून गाड्या नेणाऱ्या जंगलजेटीने दिघीला उतरलात, दिवेआगर-श्रीवर्धन करून हरिहरेश्वराला पोचलात की बागमांडल्याला बाणकोटची खाडी येते. पलीकडे वेसवी. तिथून बहुतेक जण केळशी-आंजर्ल्याचा किनारा धरतात. तुम्ही २५ ला किनारा सोडा आणि मंडणगडचा चढ चढा. मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. मसुदा समितीच्या अध्यक्षांच्या गावात संविधानाच्या दिवशी उभं राहायचं, यापेक्षा वेगळं निमित्त कशाला शोधायचं? चढ दमवतो, वाट वाकडी आहे, वाटेत सावलीला झाडं कमी. तरी जा. तिथून दापोलीकडे जाता येतं आणि तेही बाबासाहेबांच्या बालपणाचंच गाव, त्यांचे वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर काही काळ तिथे राहिले होते. दापोली तालुक्यातच पालगड आहे, साने गुरुजींचं गाव, आणि मुरूड, महर्षी कर्व्यांचं. आमच्या मुरूडची आणि जंजिऱ्याच्या मुरूडची गल्लत करू नका, दर वर्षी कोणीतरी करतं.

तुमचा वेग जास्त असेल आणि २६ ला तुम्ही दक्षिणेला असाल तर शिरोडा बघा, तिथे १९३० ला मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच्या पुढे तेरेखोलची खाडी, आणि खाडीच्या अलीकडचा किल्ला गोव्याचा. पोर्तुगीजांचं राज्य असताना १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी त्या किल्ल्यावर तिरंगा चढवला होता. गोवा मुक्त व्हायला त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

२६ चा प्रवास आखूड ठेवा. दहाच्या आधी तुम्ही काही निघत नाही आणि अकराला सडा तापतो. कोकणातल्या रस्त्याचा स्वभाव ठाऊक आहे ना? खाडीपाशी समुद्रसपाटीला उतरायचं, की लगेच चढून कातळाच्या सड्यावर, की पुन्हा खाली पुढच्या खाडीला. नकाशावर साठ किलोमीटर दिसतात, पायांना ते घाटासारखे लागतात. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. त्या दिवशी चाळीसच्या वर जाऊ नका. मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती नसेल तर दुकानातून बदलूनच निघा, तिथे वाटेत मिळणार नाही. उतारावर दोन्ही ब्रेक सोडून-सोडून दाबा, सतत धरून ठेवलेत तर रिम तापते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा, सुट्टीच्या गाड्या अरुंद रस्त्यावर वेगाने येतात आणि ड्रायव्हरचं लक्ष समुद्राकडे असतं. पुळणीवर सायकल चालवायचा फोटो सगळ्यांना हवा असतो. काढलात तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर साखळी दोन दिवसांत तांबडी होते.

खाड्यांच्या फेऱ्यांबद्दल एवढंच. बाणकोटनंतर दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड, आणि शेवटी तेरेखोल–केरी. गाड्यांची रांग कितीही लांब असली तरी सायकलला जागा होते, पुढे जाऊन विचारा. शेवटच्या फेरीची वेळ प्रत्येक खाडीला वेगळी आहे, आदल्या दिवशी फोन करून विचारा. सुटे पैसे जवळ ठेवा, जेटीवर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

खाण्याचं. झेंड्याआधी चहा-बिस्किटावर उभे राहू नका. घरमालकिणीला आदल्या रात्री पेज सांगून ठेवा. उकड्या तांदळाची पेज, मीठ, वर चमचाभर तूप, सोबत पोह्याचा पापड. पोटाला जड नाही आणि दुपारपर्यंत टिकते. नंतर मिळणारी जिलेबी घ्या, पण एकच, आणि तिच्यावर पाणी प्या. रिकाम्या पोटी चार जिलेब्या खाऊन चढाला लागलेल्यांना मी पहिल्या वळणावर बसलेलं पाहिलंय. कोकमाच्या आगळाची छोटी बाटली जवळ असू द्या, बाटलीभर पाण्यात दोन चमचे आगळ, चिमूटभर मीठ आणि साखर. बाकी, २६ ला दारूची दुकानं बंद असतात. आदल्या दिवशी साठा करून ठेवायची शक्कल लढवणार असाल तर निदान शाळेच्या गावात नको.

तुमच्यात मुली असतील तर त्यांच्यासाठी वेगळं. पटांगणात तीन तास जाणार, नंतर सड्यावर आडोसा नाही. शाळा सोडताना शाळेचं स्वच्छतागृह वापरा, बाईंना विचारायला लाजू नका. वाटेत एखाद्या घरी बाईमाणूस दिसली की सरळ सांगा, कोकणात कोणी नाही म्हणत नाही. त्यासाठी पाणी कमी पिण्याचा मार्ग मात्र धरू नका.

आणि मित्रांचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रत्येकाची बैठक दुखत असते, झोप अपुरी असते आणि कोणीतरी कोणावर तरी डाफरतो. बरोबर तेव्हाच हा सण येतो. म्हणून त्या दिवशी पुढे कोण, मागे कोण, किती वाजता, यावर वाद ठेवू नका. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, त्याचा वेग तो सगळ्यांचा. फाटा आला की थांबायचं, चढाच्या डोक्यावर पोचून नव्हे. एखाद्याला झेंडावंदनात रस नसेल, झोपायचं असेल, तर झोपू द्या. त्याला टोमणे मारू नका. रस्त्यात दुसऱ्या कुठल्या शाळेतून राष्ट्रगीत ऐकू आलं तर पाय टेका, उतरा आणि उभे राहा. गाव निवडायचं राहूनच गेलं असेल तर एसटीचं आगार, पोलीस ठाणं, आरोग्य केंद्र, कुठेही सकाळी झेंडा असतो. साडेआठच्या आत गाठा.

दुपारनंतर रस्त्याच्या कडेला कागदी झेंडे पडलेले दिसतील. थांबून उचला, दिवस संपेस्तोवर पिशवी भरते. ते कचऱ्यात टाकायचे नसतात. पुढच्या गावच्या ग्रामपंचायतीत नाहीतर शाळेत द्या, तिथे ते मानाने बाजूला ठेवून नंतर नीट नष्ट करतात.

फोटो काढताना बाईंना विचारा, एकट्या मुलाचा चेहरा तुमच्या मोबाइलवरून जगाला दाखवू नका. सगळ्यांचा मिळून एकच काढा, मुलं पुढे, तुम्ही मागच्या ओळीत. आणि ‘पाठवतो हं’ म्हणालात तर खरंच पाठवा, मोबाइलवर नव्हे, छापून. आमच्याकडे आलेल्या कितीतरी पाहुण्यांनी हे शब्द उच्चारले आणि भिंतीवरची जागा रिकामीच राहिली. पाकिटावर शाळेचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि पिन कोड एवढं लिहिलं की टपाल पोचतं.